मायक्रोस्ट्रिपच्या वळणावर सिग्नलचं काय होतं: पहिल्यांदा मॉडेल करणाऱ्यांसाठी

एम.टेक.च्या प्रोजेक्टमध्ये मला दोन पॅच अँटेनांना एकाच फेजमध्ये (लाटेच्या एकाच टप्प्यावर) सिग्नल द्यायचा होता, तोही मायक्रोस्ट्रिपने, म्हणजे बोर्डाच्या वर तांब्याची पट्टी आणि खाली तांब्याचा सलग थर (ग्राउंड प्लेन) अशा लाइनने. फ्रिक्वेन्सी २.४ गिगाहर्ट्झ, बोर्ड साधा एफआर-फोर, जाडी १.६ मिमी. एका फांदीत दोन काटकोनी वळणं होती, दुसरी सरळ जात होती. दोन्ही फांद्यांची लांबी मी पट्टीच्या मध्यरेषेवरून मोजली आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत सारखी केली. बोर्ड बनवून आणला, व्हीएनएला (सिग्नलचं परावर्तन आणि फेज मोजणाऱ्या यंत्राला) लावला, तर दोन फांद्यांच्या फेजमध्ये पंधरा अंशांच्या आसपास फरक! तीन दिवस मी कनेक्टर बदलले, सोल्डर नव्याने केलं, कॅलिब्रेशन पुन्हापुन्हा केलं. चूक कनेक्टरमध्ये नव्हतीच. ती त्या दोन वळणांत होती, कारण माझ्या हिशोबात वळण म्हणजे नुसती वाकवलेली पट्टी होती.

वळण हा सर्किटमधला एक स्वतंत्र घटक आहे. रेझिस्टर किंवा कपॅसिटरला जशी किंमत असते तशी त्यालाही असते, आणि तो कुठे सुरू होतो, कुठे संपतो हे तुम्हालाच ठरवावं लागतं. सूत्रं तर कुठेही मिळतात. माणसं अडकतात ती या सुरुवात-शेवटाच्या हिशोबात, म्हणून त्यावर मी जास्त थांबणार आहे.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- बोर्डाची माहिती: सब्स्ट्रेटची (पट्टी आणि ग्राउंड प्लेनमधल्या थराची) जाडी, डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (पुढे त्याला नुसतं 'ए' म्हणते), लॉस टॅन्जंट, तांब्याची जाडी (बहुतेक बोर्डांवर ३५ मायक्रॉन)
- सर्किट सिम्युलेटर: क्यूक्स फुकट आहे आणि या कामाला पुरतो
- फील्ड सिम्युलेटर (विद्युतचुंबकीय क्षेत्राचं गणित करणारा): ओपनईएमएस फुकट आहे, सॉनेटची लाइट आवृत्तीही फुकट मिळते, कॉलेजच्या लॅबमध्ये एचएफएसएस किंवा सीएसटी असेल तर उत्तमच
- घातांकाचं बटण असलेला कॅल्क्युलेटर, किंवा पायथन
- मोजायचं असेल तर व्हीएनए, आणि बोर्डाच्या कडेला बसणारे एसएमए कनेक्टर. पुण्यात बुधवार पेठेत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला कनेक्टर मिळतात, पण घेताना पिनची जाडी तुमच्या पट्टीच्या रुंदीशी ताडून घ्या

एफआर-फोरबद्दल एक इशारा. त्याचा 'ए' ठरलेला नसतो. ४.२ पासून ४.७ पर्यंत काहीही निघू शकतो, आणि एकाच विक्रेत्याच्या दोन खेपांतही फरक असतो. मी पुढे ४.४ धरला आहे. तुमच्या बोर्डाचा वेगळा असेल तर माझे आकडे उचलू नका, कृती उचला.

१. आधी बघा, वळणाची काळजी करण्याची गरज आहे का

मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डावरसुद्धा काटकोनी ट्रॅक नको, असं बरेच जण सांगतात. पुढच्या पायऱ्यांतलं गणित १०० मेगाहर्ट्झला लावलं तर १.६ मिमी एफआर-फोरवरच्या ५० ओहमच्या (हा लाइनचा नेहमीचा इम्पिडन्स) काटकोनी वळणाचं परावर्तन, म्हणजे परत फिरणारा सिग्नल, साधारण उणे ४७ डीबी येतं (उणे आकडा जितका मोठा, तितकं परावर्तन कमी). तुमचा कनेक्टरच त्याच्या कितीतरी पट परावर्तन करतो. तिथे वेळ घालवू नका.

तेच वळण २.४ गिगाहर्ट्झला उणे १९ डीबीवर येतं आणि ५.८ गिगाहर्ट्झला उणे ११.७ डीबीवर. उणे १९ एखाद्या वेळी चालून जाईल. उणे ११.७ चालणार नाही, कारण एकाच वळणावरून सुमारे सात टक्के पॉवर परत फिरते.

पातळ बोर्ड घेतला तर चित्र पालटतं. रॉजर्सचा ४३५०बी हा सब्स्ट्रेट ०.५०८ मिमी जाडीत घेतला (डिझाइनसाठी 'ए' ३.६६) तर ५० ओहमची पट्टी १.११ मिमी रुंद होते, आणि तेच न कापलेलं वळण ५.८ गिगाहर्ट्झला उणे २१ डीबी देतं. कोपऱ्याचा आकार लहान झाला, त्याबरोबर त्याचा उपद्रवही कमी झाला. बजेटमध्ये बसत असेल तर वळणावरचा पहिला उपाय हाच.

२. कोपऱ्यात काय घडतं ते डोळ्यांपुढे आणा

कोपऱ्यावरून पळत वळताना मुलं आतल्या बाजूने वळतात, बाहेरचा कोपरा कुणी गाठत नाही. करंट तसंच करतो, आतल्या टोकाला दाटतो. बाहेरच्या कोपऱ्यातल्या तांब्यातून तो फारसा जात नाही. पण ते तांबं ग्राउंड प्लेनच्या समोर उभंच असतं, त्यामुळे त्यावर चार्ज साठतो. म्हणजे सरळ पट्टीच्या मानाने इंडक्टन्स कमी पडतो आणि कपॅसिटन्स तेवढाच राहतो. ५० ओहम टिकवायला दोन्हींचं प्रमाण सांभाळावं लागतं, आणि तेच इथे बिघडतं.

म्हणून वळणाचं मॉडेल इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचं असतं: दोन्ही हातांवर एकेक इंडक्टर (एल), मधून जमिनीकडे एक कपॅसिटर (सी). स्ट्रिपलाइनसाठी अशी समतुल्य सर्किटं ऑलिनर यांनी १९५५ मध्ये मांडली. मायक्रोस्ट्रिपच्या काटकोनी वळणाचा कपॅसिटन्स सिल्व्हेस्टर आणि बेनेडेक यांनी १९७३ मध्ये गणिताने काढला. आज आपण जी सूत्रं वापरतो ती त्यानंतरची, मोजमापांवर बसवलेली आहेत.

३. वळणाची हद्द आखा

नेमकी मेख इथे आहे, म्हणून कागद-पेन्सिल घ्या.

रुंद पट्टीचं एक काटकोनी वळण काढा. आतलं टोक शोधा. त्या टोकातून दोन्ही हातांना (कोपऱ्याला येऊन मिळणाऱ्या दोन पट्ट्यांना) आडव्या अशा दोन रेषा मारा. या दोन रेषा आणि बाहेरच्या दोन कडा मिळून पट्टीच्या रुंदीएवढा एक चौरस तयार होतो. वळणाची हद्द म्हणजे हा चौरस. त्याच्या बाहेरचं सगळं तांबं साध्या लाइनचं, आतलं सगळं वळणाचं.

आता मध्यरेषा काढा. चौरसात शिरल्यावर मध्यरेषा अर्धी रुंदी पुढे जाते, वळते, आणि पुन्हा अर्धी रुंदी जाऊन बाहेर पडते. म्हणजे मध्यरेषेच्या हिशोबाने चौरसात एक पूर्ण रुंदीची लांबी आहे.

माझ्या बोर्डावर ५० ओहमची पट्टी ३.०६ मिमी रुंद होती. २.४ गिगाहर्ट्झला तिच्यावरची तरंगलांबी सुमारे ६८.५ मिमी भरते. मध्यरेषेने मोजलेल्या ३.०६ मिमीला १६ अंश फेज मिळायला हवी. पण पुढच्या पायरीतल्या एल आणि सी वरून काढली तर त्या चौरसाची खरी फेज सुमारे ८ अंशच निघते. करंट आतून जातो, वाट जवळची पडते. एका वळणामागे आठ अंशांची तफावत, दोन वळणांची सोळा. माझे पंधरा अंश असे सापडले.

तेव्हा सिम्युलेटरमध्ये लाइनची लांबी भरताना प्रत्येक वळणाच्या बाजूने अर्धी रुंदी वजा करा. मध्यरेषेवर कोपऱ्यापासून कनेक्टरपर्यंत २० मिमी असतील तर लाइनची लांबी २० − १.५३ = १८.४७ मिमी. दोन वळणांच्या मध्ये २० मिमी असतील तर दोन्ही टोकांनी वजा करून १६.९४ मिमी. वजा करायचं विसरलात तर तो चौरस दोनदा मोजला जातो, एकदा लाइन म्हणून आणि एकदा वळण म्हणून.

दुसऱ्या पुस्तकातलं किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमधलं मॉडेल घेणार असाल तर त्याची हद्द कुठे आहे ते आकृतीत आधी बघा. काही ठिकाणी ती चौरसाच्या मध्यावर असते. हद्द वेगळी असली की त्याच वळणाचे एल आणि सी वेगळे येतात, आणि दोन्ही बरोबर असतात. चूक होते ती एकाची हद्द आणि दुसऱ्याचे आकडे एकत्र केल्यावर. एल हा एका हाताचा दिला आहे की दोन्ही हातांचा मिळून, हेही त्याच वेळी तपासा.

४. एल आणि सी काढा

किर्शनिंग, यान्सेन आणि कोस्टर यांनी १९८३ मध्ये रेझोनेटर वापरून मोजमापं केली आणि त्यांवरून सूत्रं बसवली. क्यूक्समध्येही हीच आहेत. 'ग' म्हणजे पट्टीची रुंदी भागिले सब्स्ट्रेटची जाडी. 'एक्स्प' म्हणजे ई या संख्येचा घात.

न कापलेल्या काटकोनी वळणासाठी:

सी = रुंदी × [ (१०.३५ × ए + २.५) × ग + (२.६ × ए + ५.६४) ]

एल = २२० × जाडी × [ १ − १.३५ × एक्स्प( −०.१८ × ग^१.३९ ) ]

पन्नास टक्के कापलेल्या वळणासाठी:

सी = रुंदी × [ (३.९३ × ए + ०.६२) × ग + (७.६ × ए + ३.८०) ]

एल = ४४० × जाडी × [ १ − १.०६२ × एक्स्प( −०.१७७ × ग^०.९४७ ) ]

रुंदी आणि जाडी मीटरमध्ये भरायची, उत्तर सी चं पिकोफॅरडमध्ये आणि एल चं नॅनोहेन्रीमध्ये येतं. मिलिमीटर भरलेत तर उत्तर हजारपट फुगेल. एल हा एका हाताचा आहे. सूत्रं 'ग' ०.२ ते ६ आणि 'ए' २.३६ ते १०.४ असताना, १४ गिगाहर्ट्झपर्यंत लागू आहेत.

माझ्या बोर्डाचे आकडे घालून बघू. 'ग' म्हणजे ३.०६ ÷ १.६ = १.९१. सी मधला पहिला कंस ४८.०४, त्याला १.९१ ने गुणून सुमारे ९१.९, दुसरा कंस १७.०८, बेरीज १०९. गुणिले ०.००३०६ मीटर, म्हणजे ०.३३ पिकोफॅरड. एल मधला चौकटी कंस ०.१३३, गुणिले २२० गुणिले ०.००१६, म्हणजे ०.०४७ नॅनोहेन्री.

आता या दोन आकड्यांना एकमेकांसमोर उभं करा. ०.३३ पिकोफॅरडला ५० ओहमवर तोलायला एकूण ०.८३ नॅनोहेन्री लागेल (सी गुणिले ५० चा वर्ग). आपल्याकडे दोन्ही हातांचा मिळून आहे ०.०९४. एवढ्या एल ने ०.०४ पिकोफॅरडच तोलला जातो, उरलेला सुमारे ०.३ पिकोफॅरड उघडा पडतो. वळणाचा सगळा त्रास या उघड्या ०.३ पिकोफॅरडचा. परावर्तनाचा अंदाज हवा असेल तर त्याला कोनीय फ्रिक्वेन्सीने आणि २५ ओहमने गुणा. २.४ गिगाहर्ट्झला ०.११ येतं, म्हणजे उणे १९ डीबी. हे तुम्ही सिम्युलेटर न उघडताही करू शकता, आणि करावंच. सिम्युलेटरने उद्या उणे ३५ दाखवलं तर कुठेतरी भरताना चूक झाली हे लगेच कळतं.

इथे हमखास एक शंका येते: एल ऋण आला, सूत्र चुकलं का? चुकलं नाही. 'ग' सुमारे १.४४ च्या खाली गेला की या सूत्राने एल ऋणच येतो. याच बोर्डावर १०० ओहमची ०.७१ मिमीची पट्टी घेतली तर एल सुमारे उणे ०.१ नॅनोहेन्री निघतो. अर्थ एवढाच, की आपण ठरवलेल्या हद्दीपर्यंत सरळ लाइनचा जेवढा इंडक्टन्स धरला होता, तेवढाही प्रत्यक्षात नाही. फ्रिक्वेन्सी-डोमेन सिम्युलेशनमध्ये ऋण एल तसाच ठेवा. ट्रान्झिएंट, म्हणजे वेळेनुसार चालणारं सिम्युलेशन, करणार असाल तर मात्र तो धोक्याचा, सिम्युलेशन भरकटू शकतं. मग दोन्ही बाजूंची लाइन थोडी आखूड करून तो तिच्यात जिरवा. इथे प्रत्येक बाजूला ०.१७ मिमी पुरते. त्या तुकड्यांबरोबर गेलेला कपॅसिटन्स, दोन्ही मिळून सुमारे ०.०२ पिकोफॅरड, सी मध्ये परत मिळवायला विसरू नका.

५. कोपरा किती कापायचा

बाहेरच्या कोपऱ्यातलं तांबं करंट वाहत नाही, नुसता चार्ज साठवतं. मग ते काढून टाकावं, हा झाला साधा उपाय. प्रश्न किती काढायचं हा.

डूव्हिल आणि जेम्स यांनी १९७८ मध्ये बरीच वळणं प्रत्यक्ष मोजून सूत्र दिलं:

एम = ५२ + ६५ × एक्स्प( −१.३५ × ग )

एम ही टक्केवारी आहे, चौरसाच्या कर्णाचा बाहेरून किती भाग कापायचा त्याची. 'ग' ०.२५ किंवा जास्त आणि 'ए' २५ पर्यंत असला की सूत्र लागू. माझ्या पट्टीला एम येतो ५६.९ टक्के.

लेआउट काढताना कर्णाची टक्केवारी हाताळणं अवघड जातं. कापायचा त्रिकोण बाहेरच्या कोपऱ्यापासून दोन्ही कडांवर किती लांब घ्यायचा, ते सरळ काढता येतं: २ × रुंदी × एम. इथे २ × ३.०६ × ०.५६९ = ३.४८ मिमी. हा आकडा पट्टीच्या रुंदीपेक्षा मोठा आहे, लक्षात आलं ना? म्हणजे काप चौरसाच्या बाहेर, दोन्ही हातांत ०.४२ मिमी शिरतो. अनेक जण चौरसाच्या दोन टोकांना जोडणारी तिरकी रेषा मारून मोकळे होतात. तो झाला पन्नास टक्क्यांचा काप. तो वाईट नाही: २.४ गिगाहर्ट्झला उणे १९ चे उणे २९.७ होतात, ५.८ ला उणे ११.७ चे उणे २१.७. पण थोडा कपॅसिटन्स अजून उघडा राहतो, आणि उरलेले सात टक्के त्याच्यासाठीच आहेत.

हे मला सूत्र वाचून पटलं नव्हतं. आमच्या सरांनी जुना बोर्ड घेऊन कॉलेजच्या व्हीएनएला लावायला सांगितलं आणि ब्लेड हातात दिलं. स्टीलची पट्टी धरून बाहेरच्या कोपऱ्यावर तिरकी रेघ तीन-चारदा खोल ओढली, सोल्डरिंग आयर्नचं टोक त्या त्रिकोणावर काही सेकंद धरलं, आणि चिमट्याने टोक उचललं. तांब्याचा त्रिकोण सालीसारखा निघाला. मान वर करून पाहिलं तर स्क्रीनवर ५.८ च्या आसपासची रेघ कितीतरी खाली गेली होती. पुढचा काप अगदी बारीक घेतला, रेघ आणखी उतरली. त्यानंतर एक काप जास्त झाला आणि ती पुन्हा वर चढली. कापाला एक नेमकी जागा असते हे त्या वेळी डोळ्यांनी दिसलं. तुमच्याकडे टाकाऊ बोर्ड असेल तर हा प्रयोग जरूर करा, फक्त आयर्न लावताना व्हीएनएची केबल सोडवून ठेवा.

बारीक पट्ट्यांना हे सूत्र आंधळेपणाने लावू नका. 'ग' ०.२५ असेल तर एम ९८ टक्के निघतो. १.६ मिमी बोर्डावर ०.४ मिमीच्या पट्टीचा कोपरा ९८ टक्के कापला तर आतल्या टोकाशी तांब्याचा केसाएवढा धागा राहील, एचिंगमध्ये तोही जाईल. अशा वेळी काप सोडा आणि गोल वळण घ्या. मध्यरेषेची त्रिज्या रुंदीच्या तिप्पट किंवा जास्त ठेवली की बहुतेक कामांना पुरतं. गोल वळणाला जागा जास्त लागते, एवढीच अडचण.

६. सर्किट सिम्युलेटरमध्ये मांडा

क्यूक्समध्ये सब्स्ट्रेटचा ब्लॉक ठेवा, त्यात बोर्डाची माहिती भरा. मग मायक्रोस्ट्रिप लाइन, कॉर्नर, लाइन, दोन्ही टोकांना पोर्ट. कापलेल्या वळणासाठी माइटर्ड बेंड हा वेगळा घटक आहे. शेजारी स्वतः काढलेल्या एल-सी-एल ची टी मांडा आणि दोन्ही आलेख एकावर एक टाका.

दोन्ही तंतोतंत जुळतील. म्हणून मॉडेल सिद्ध झालं असं समजू नका. क्यूक्सच्या आतही तीच सूत्रं आहेत. जुळणी एवढंच सांगते, की तुम्ही आकडे बरोबर भरलेत. बोर्ड खरंच तसा वागेल का, हे दुसऱ्या पद्धतीने तपासावं लागतं.

दोन वळणं असतील तर त्यांच्यामधलं अंतर बदलून बघा. एकेक वळण उणे १९ चं असेल आणि दोन्हींची परावर्तनं एकाच फेजमध्ये आली तर बेरीज होऊन उणे १३ पर्यंत बिघडतं. मधलं विद्युत अंतर पाव तरंगलांबीच्या जवळपास असेल तर ती एकमेकांना बरीच खोडतात. माझ्या बोर्डावर २.४ गिगाहर्ट्झला पाव तरंगलांबी म्हणजे सुमारे १७ मिमी. जागा असेल तर याचा फायदा घ्या, पण हा फायदा एकाच फ्रिक्वेन्सीच्या आसपास मिळतो.

७. फील्ड सिम्युलेशनने पडताळा

टी मॉडेलला काही गोष्टी माहीतच नसतात: वळणातून हवेत जाणारं रेडिएशन, शेजारच्या पट्टीशी होणारं कपलिंग, फार जवळजवळ असलेल्या दोन वळणांचा एकमेकांवरचा परिणाम. जाड बोर्ड आणि चढी फ्रिक्वेन्सी असेल तर ही पायरी टाळू नका.

ओपनईएमएसमध्ये मेश (जागेचे लहान खण पाडणारी जाळी) चौकोनी असतो, त्यामुळे तिरका काप पायऱ्यापायऱ्यांचा होतो. कापाच्या लांबीवर निदान दहा खण पडतील एवढा मेश तिथे बारीक करा. पट्टीच्या कडेवर मेशची रेषा बरोब्बर ठेवू नका. कडेजवळचा खण असा ठेवा की त्याचा एक तृतीयांश भाग तांब्यावर आणि दोन तृतीयांश बाहेर पडेल. कडेला करंट दाटतो, तो असा नीट पकडला जातो. पट्टीच्या वर सब्स्ट्रेटच्या जाडीच्या निदान पाच-सहा पट हवा सोडा, नाहीतर वरची सीमा फील्डला चिकटेल.

मेश अर्धा करून पुन्हा चालवा. उत्तर हललं तर आधीचं उत्तर पक्कं नव्हतं. आणि पोर्टपासून वळणापर्यंतच्या लाइनची फेज काढून टाकताना हद्द तिसऱ्या पायरीतलीच, आतल्या टोकाची ठेवा. नाहीतर एकाच वळणाची दोन वेगळी उत्तरं घेऊन बसाल.

८. बोर्ड बनवा आणि मोजा

एकाच पॅनेलवर तीन लाइनी घ्या: एक सरळ, एक न कापलेल्या वळणाची, एक कापलेल्या वळणाची. एकाच पॅनेलचा आग्रह यासाठी, की 'ए' आणि एचिंग तिन्हींचं सारखं राहील. वळणाच्या लाइनींत प्रत्येक हात निदान ५० ते ६० मिमी ठेवा.

एवढे लांब हात कशाला? स्वस्तातल्या ३ गिगाहर्ट्झपर्यंतच्या व्हीएनएने टाइम-डोमेनमध्ये (परावर्तन किती वेळाने, म्हणजे किती अंतरावरून आलं ते) पाहिलं तर एफआर-फोरवर सुमारे २७ मिमीपेक्षा जवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दिसत नाहीत. कनेक्टरपासून वळण २० मिमीवर असेल तर कनेक्टरचा धक्का आणि वळणाचा खड्डा एकमेकांत मिसळतील, आणि तुम्ही कनेक्टरचं पाप वळणाच्या माथी माराल. अंतर ठेवलं की आलेखात आधी कनेक्टर, मग सपाट लाइन, मग वळणाची छोटी खोलगट जागा दिसते. खोलगट म्हणजे तिथे इम्पिडन्स ५० च्या खाली गेला, कपॅसिटन्स उघडा आहे.

कॅलिब्रेशन केबलच्या टोकापर्यंतच होतं, कनेक्टर त्यात येत नाही. म्हणून सुटा आकडा वाचण्यापेक्षा तुलना करा. सरळ लाइनचा एस-टू-वन (एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचणारा सिग्नल) घ्या, वळणाच्या लाइनचा घ्या, फेज वजा करा. कनेक्टर दोन्हीकडे सारखे असल्याने त्यांचा बराचसा परिणाम निघून जातो. आधी दोन्ही फाइली साठवून घ्या आणि वजाबाकी पायथनमध्ये सायकिट-आरएफ ही लायब्ररी वापरून करा, स्क्रीनवर मार्कर ठेवून आकडे उतरवण्यात चुका होतात. केबल दोन मोजमापांच्या मध्ये वाकवू नका. नुसती केबल हलल्याने एक-दोन अंश फेज बदलते, आणि आपण शोधतोय तो फरकच आठ अंशांचा आहे.

मोजलेली फेज मॉडेलच्या फेजपासून एखादा अंश दूर असेल तर आधी 'ए' कडे बघा. सरळ लाइनच्या फेजवरून तुमच्या बोर्डाचा खरा 'ए' काढा, तो सूत्रात घाला आणि पुन्हा ताडून बघा. चार-पाच अंश दूर असेल तर 'ए' ला बोल लावू नका, तिसऱ्या पायरीवर परत जा आणि अर्धी रुंदी दोन्ही बाजूंनी वजा झाली आहे का ते मोजा. अशा वेळी माझ्याकडून ती बहुतेकदा एकाच बाजूने वजा झालेली सापडली आहे.

दोन पॅचच्या त्या बोर्डाचं पुढे असं केलं: वळणं कापली, वळणांच्या फांदीची लांबी हद्दीच्या हिशोबाने नव्याने काढली, आणि ती फांदी सुमारे तीन मिमी वाढवली. दुसऱ्या बोर्डावर दोन फांद्यांच्या फेजमध्ये दोन अंशांपेक्षा कमी फरक आला.